झाकून ठेवायची जागा

जळगाव एमआयडीसी, व्ही सेक्टर, रात्रपाळी.
अकरा वाजून गेले तरी वरचा पत्रा तापलेला.
आत पाचशे वीस.

सगळे भट्टी म्हणतात हिला, पण हिच्यात आग नाही.
हवा उपसून केलेली पोकळी,
चिमूटभर नायट्रोजन, थोडा हायड्रोजन,
आणि पोलादाला जोडलेली वीज.
मुठीएवढ्या खिडकीतून बघायचं:
स्क्रूच्या पात्यापात्याला लागून
जांभळा उजेड उभा असतो, न हलता.
वांग्याच्या रंगाचा म्हणावा,
तर आमच्याकडचं भरिताचं वांगं हिरवं.
जुम्मा तडवी म्हणतो, गोकर्णीचा.
बरं, गोकर्णीचा.

पहिले दोन तास धुण्याचे.
तेल, घाम, लेथवरचं पाणी,
जे जे लपून राहिलंय
ते ठिणगी होऊन उडतं.
तेव्हा व्होल्ट वाढवायचे नाहीत.
थांबायचं.

अरुंद भोकं बुजवायची,
भोकात उजेड कोंडतो आणि आतून जाळतो.
आणि आट्यांवर टोपी घालायची.
हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं, जुम्मानं शिकवलं:
जिथं उद्या कुणी पाना लावून पिळणार आहे
तिथं पोलाद मऊच राहू द्यायचं, मॅडम.
कडक आटा वळत नाही,
तुटतो.

त्या दिवशी भट्टी भरताना आई डबा घेऊन आली.
कळण्याची भाकरी, ठेचा, फडक्यात कांदा.
बावीस वर्षं चटईच्या कारखान्यात पट्ट्या ओढणारी केवळबाई,
असल्याच स्क्रूतून निघालेल्या पट्ट्या,
स्क्रू मात्र पहिल्यांदा बघत होती.
"हाई काय शे व?"
मी सांगेपर्यंत अंगठा टेकवून झाला होता.
"कितलं गुयगुयीत शे!"
मग, जरा थांबून, "कितला दिन टिकी?"
तिप्पट, म्हटलं. आधीच्या तिप्पट.
"बरं शे," म्हणाली, आणि रिकामा डबा मागितला.
मी अजून जेवले नव्हते.

पुसायचं राहून गेलं.

बावीस तासांनी दार उघडलं.
सगळा स्क्रू राखाडी, सुती, राख चाळून लावल्यासारखा.
सोबतच्या तुकड्यावर हिऱ्याचं टोक दाबलं,
चौकोनी खळगा मोजला: आठशे चाळीस.
मापं जिथल्या तिथं.
आणि तिसऱ्या पात्यावर
एक लांबट, फिकट डाग.
जुम्मानं भिंग दिलं.
बोटाचा डाग असला की रेघा दिसतात,
वेटोळी, भोवरे, कुणाचं बोट तेही ओळखू येतं
(त्याचं स्वतःचं दोनदा सापडलंय).
ह्यात रेघ नव्हती.
एकही.

रेशनच्या दुकानात ते मशीन
पाच वेळा नाही म्हणतं.
ती अंगठा पदराला पुसते, फुंकर घालते,
थुंकी लावते, पुन्हा ठेवते.
मागची रांग सुस्कारते.
दुकानदार नारखेडे बोलतात, चंदनासारखी झिजली हो माउली.
चंदनाला कुणी विचारलंय?
सहाण बोलते का कधी?

मी रोज शून्य पॉइंट चार मिलिमीटर
कडकपणा देते लोकांच्या लोखंडाला.
घरी येऊन तिच्या हाताला खोबरेल लावते,
ती पाच मिनिटांनी पीठ मळायला घेते.

अत्तरदे शेठनी डिलिव्हरी घेताना डागावर फडकं फिरवलं.
हे काय?
वरवरचं आहे, म्हटलं. खोली नाही त्याला.
पुन्हा पॉलिश करून द्यायचा का?
राहू द्या, म्हणाले, आत कोण बघतं.

रजिस्टरात डागापुढं कारणाचा रकाना असतो.
तेल, गंज, गॅसमधला ओलावा, वीज गेली,
ह्यातलं काहीतरी लिहायचं असतं.
जुम्मा पेन घेऊन उभा.
मी लिहिलं: हाताळणी.
त्यानं वाचलं, मान हलवली,
आणि पुढच्या लॉटचे आटे झाकायला बसला.